मेम्फिस वगळू नका : डिझाइन महाविद्यालयाच्या अभ्यास मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
अभ्यास मंडळ

सप्रेम नमस्कार,

पत्रास कारण की, पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या अभ्यासक्रमाचं परिपत्रक हाती आलं. फर्निचर आणि वस्तू-डिझाइनच्या दुसऱ्या वर्षातून मेम्फिस, म्हणजे १९८० च्या दशकात मिलानमध्ये उभा राहिलेला भडक रंगांच्या, खेळकर फर्निचरचा डिझायनर-गट, हा घटक काढून टाकला आहे. त्याला जोडून होणारं लॅमिनेटचं, म्हणजे सनमायक्याचं, प्रात्यक्षिकही बंद. ते तास रेंडरिंगच्या, म्हणजे वस्तूचं हुबेहूब चित्र संगणकावर तयार करण्याच्या, सॉफ्टवेअरला दिले आहेत आणि कार्यशाळेच्या अर्ध्या जागेत संगणक बसणार आहेत. कारणं अगदी थोडक्यात दिली आहेत. अशा फर्निचरला बाजारात मागणी नाही, हा विषय इटलीतला असल्याने आपल्या मुलांना त्याचा उपयोग नाही, आणि त्याच्या नादाने विद्यार्थी गंभीर काम सोडून चेष्टेकडे वळतात.

हा घटक मी आपल्याकडे अभ्यागत शिक्षिका म्हणून शिकवत आले आहे. निर्णयाआधी मला किंवा कार्यशाळेच्या शिक्षकांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही. आता विनंती अर्ज करून तो फायलीत जाण्यापेक्षा मी उघडपणे लिहायचं ठरवलं. आपल्या मुलांच्या शिक्षणातून नेमकं काय वजा होतंय, हे फी भरणाऱ्या पालकांनाही कळायला हवं.

माझा या विषयाशी संबंध फक्त तासांपुरता नाही. माझा फर्निचरचा छोटा कारखाना आहे. ओट्याखालची कपाटं, वॉर्डरोब, दुकानांचे काउंटर अशा कामांवर आमचं आणि आमच्याकडच्या मिस्त्रींचं घर चालतं. प्लाय, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि सनमायका हाच आमचा माल. आम्ही शिकत होतो तेव्हा मनावर बिंबवलं गेलं होतं की साग नि शिसव म्हणजे खरं काम, आणि सनमायका म्हणजे ऐपत नाही म्हणून केलेली तडजोड. गिऱ्हाईकही आल्या आल्या म्हणतं, “लाकडासारखं दिसणारं दाखवा.” ज्या मालावर पोट चालतं त्याच्याकडे मान वर करून बघायला मला शिकवलं ते मेम्फिसने. म्हणून हा घटक जाताना गप्प बसवत नाही.

आधी बाजाराचा मुद्दा घेते, कारण परिपत्रकात तोच पहिला आहे.

११ डिसेंबर १९८० रोजी मिलानमध्ये एत्तोरे सोत्सास यांच्या घरी काही तरुण डिझायनर जमले. यजमान त्रेसष्ट वर्षांचे, बाकीचे बहुतेक विशी-तिशीतले. अमेरिकन गायक बॉब डिलनची रेकॉर्ड रात्रभर वाजत राहिली आणि तिच्यातल्या एका गाण्यातला मेम्फिस हा शब्द गटाला नाव म्हणून चिकटला. हे सोत्सास कोण होते? उद्योगाला काय हवं असतं हे ठाऊक नसलेले कुणी हौशी कलावंत होते का? ऑलिव्हेत्ती या कार्यालयीन यंत्रांच्या इटालियन कंपनीसाठी त्यांनी १९५९ मध्ये एलेआ ९००३ या संगणकाची रचना केली होती. खोली भरून उरणाऱ्या त्या यंत्राजवळ माणसाला उभं राहून, एकमेकांकडे बघत काम करता यावं याचा विचार त्यात होता. त्या कामाला त्याच वर्षी कोंपासो द’ओरो हा इटलीतला डिझाइनमधला मोठा सन्मान मिळाला. १९६९ मध्ये पेरी किंगसोबत त्यांनी व्हॅलेंटाइन हा लालभडक टाइपरायटर केला. बाजार आतून-बाहेरून पाहिलेल्या या माणसाने साठी ओलांडल्यावर विचारलं की वस्तूने फक्त कामाला यावं आणि बाकी वेळ गप्प बसावं, हा नियम कुणी केला. कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे. डिझाइनच्या विद्यार्थ्यापर्यंत तो पोचायला नको असेल, तर आपल्याला विद्यार्थी हवेत की ड्राफ्ट्समन, हे एकदा मंडळाने स्पष्ट करावं.

आणि मागणीचं म्हणाल तर, सप्टेंबर १९८१ मध्ये मिलानच्या फर्निचर मेळ्याच्या दिवसांत आर्क ’७४ या शोरूममध्ये मेम्फिसचं पहिलं प्रदर्शन उघडलं तेव्हा बाहेरचा रस्ता माणसांनी भरून गेला होता. पुढच्याच वर्षी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या बॉयलरहाउस या प्रदर्शन-दालनात ते काम मांडलं गेलं. त्यानंतरच्या दशकभरात कापड, घड्याळं, दुकानांच्या सजावटी, मासिकांची पानं, कुठे म्हणून ते रंग आणि त्या नक्ष्या पोचल्या नाहीत? मूळ वस्तू थोड्याच विकल्या गेल्या, हे खरं आहे. पण डिझाइनचा परिणाम विकलेल्या नगांवर मोजायचा नसतो, हे आपल्याच पहिल्या वर्षाच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे.

आता मेम्फिसच्या एका वस्तूकडे जरा जवळून बघू. परिपत्रक लिहिणाऱ्यांनी ती जवळून पाहिली असती तर ‘चेष्टा’ हा शब्द त्यांनी वापरला नसता असं मला वाटतं.

सोत्सास यांचं कार्लटन हे पुस्तकांचं कपाट. साल १९८१. उंची पावणेदोन-दोन मीटरच्या घरात, रुंदीही जवळपास तेवढीच. आडव्या-उभ्या फळ्यांमध्ये तिरप्या फळ्या घुसवलेल्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की रंग दिसले तिथे लावले आणि फळ्या सुचतील तशा ठोकल्या. मग मी मुलांना मध्यरेषा काढायला सांगते. डावी बाजू उजवीवर पडते. वेडंवाकडं वाटणारं ते सगळं काटेकोर सममितीत उभं आहे. खालच्या चौथऱ्यावर बारीक काळी-पांढरी नक्षी, मधोमध दोन लाल खण, आणि वर हात पसरून उभ्या असलेल्या माणसाचा भास. तिरप्या फळीवर पुस्तक आपसूक कलतं, त्याला वेगळा टेकू लागत नाही. भिंतीला लावा किंवा खोलीच्या मध्ये ठेवून दोन भाग करा. आणि हे सगळं कशाचं? एमडीएफ आणि वर प्लास्टिक लॅमिनेट. म्हणजे आपल्या भाषेत सनमायका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संग्रहात आज ते कपाट आहे.

लॅमिनेट म्हणजे रेझिनमध्ये बुडवलेले तपकिरी कागद एकावर एक ठेवायचे, वरून नक्षीचा कागद, आणि उष्णता व दाब देऊन त्यांचा एकजीव पत्रा करायचा. कागदच तो. त्यावर काहीही छापता येतं. तरी दशकानुदशकं त्यावर काय छापलं गेलं? सागाच्या रेषा, अक्रोडाच्या गाठी, संगमरवराच्या शिरा. सगळा जन्म दुसऱ्या कुणाचं सोंग घेण्यात. सोत्सास यांनी १९७८ मध्ये आबेत लामिनाती या कंपनीसाठी बॅक्टेरिओ नावाची नक्षी काढली. पांढऱ्यावर काळ्या वळवळत्या खुणा, सूक्ष्मदर्शकाखाली दिसाव्यात तशा. ती कुठल्याच लाकडाची किंवा दगडाची नक्कल करत नाही. कॅफेच्या टेबलांवर आणि स्वयंपाकघरांत राबणारा हा माल मेम्फिसवाल्यांनी दिवाणखान्यात आणून बसवला आणि त्याला स्वतःचा चेहरा दिला. आपली मुलं पदवी घेऊन बाहेर पडल्यावर ज्या मालात काम करणार आहेत तो माल हाच आहे. त्यांच्यातल्या कितीजणांच्या वाट्याला शिसवाचं काम येणार आहे?

प्रात्यक्षिक बंद करण्याबद्दलची माझी हरकत इथे येते. वर्गात सनमायका कापताना कटरने सरळ रेघ मारायची, दोन-तीनदा खोल करायची आणि मग वाकवून मोडायची. घाई केली की टवका उडतो. प्लायला आणि पत्र्याच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे चिकटद्रव लावून, बोटाला लागेनासं होईपर्यंत थांबून मग बसवायचं, मधून बाहेरच्या बाजूला दाबत न्यायचं, नाहीतर हवा राहते. शेवटी कडा कानशीने घासायच्या. तेव्हा कोपऱ्यावर एक बारीक तपकिरी रेघ उघडी पडते, आतल्या कागदांची. मुलं हमखास विचारतात, “मॅम, ही झाकायची कशी?” तिथे मी थांबवते. झाकायलाच हवी का? पट्टी लावून झाकली तर वस्तू काय सांगते, उघडी ठेवली तर काय सांगते, रेघेलाच रंगाचा भाग केला तर काय होतं? या एका रेघेवर वर्ग तासभर भांडलेला मी पाहिला आहे. रेंडरिंगमध्ये ती रेघ नसते. पडद्यावरच्या सनमायक्याला कडाच नसते. सॉफ्टवेअर शिकवू नका असं माझं म्हणणं नाही, माझ्या कारखान्यातही रेंडरिंग लागतं. पण कार्यशाळा मोडून ते शिकवणं चुकीचं आहे.

परकेपणाच्या मुद्द्यावर मला जास्त वेळ घालवावासा वाटत नाही. बाउहाउस ही डिझाइनची शाळा जर्मनीची, ती अभ्यासक्रमात आहे आणि असायलाच हवी. स्कँडिनेव्हियन खुर्च्या आहेत. आपल्या देशातल्या डिझाइन-शिक्षणाची सुरुवात सांगताना आपणच चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर दांपत्याच्या १९५८ च्या अहवालापासून करतो, ते अमेरिकेचे. मग वगळायला नेमकं मेम्फिसच का सापडलं? शिवाय हा गट इटलीपुरता नव्हताच. टोकियोचे शिरो कुरामाता आणि मासानोरी उमेदा, व्हिएन्नाचे हान्स होलाइन, लॉस एंजेलिसचे पीटर शायर, अमेरिकेचेच मायकेल ग्रेव्ह्ज यांची कामं त्यात होती. कुरामातांचं १९८३ चं क्योतो हे टेबल रंगीत काचेचे तुकडे घातलेल्या सिमेंटचं आहे. त्याचं चित्र दाखवलं की वर्गातून आवाज येतो, “ही तर आमच्या आजीच्या घरची मोझॅक फरशी!” जुन्या इमारतींमधली ती फरशी आज सर्रास उखडून टाकली जाते. पायाखालच्या त्या फरशीकडे एका जपानी डिझायनरच्या टेबलामुळे आपली मुलं पुन्हा बघायला लागतात, आणि आपण या विषयाला परका म्हणतो.

खुद्द सोत्सास १९६१ मध्ये पत्नी फेर्नांदा पिवानो यांच्यासोबत भारतात फिरून गेले होते. परतल्यावर ते गंभीर आजारी पडले, १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला उपचार घ्यावे लागले. त्यातून उठल्यावर त्यांनी सिरॅमिकचं जे काम केलं, त्यात १९६४ ची एक थाळ्यांची मालिका शिवाला अर्पण केलेली आहे, नावासकट. मेम्फिस भारतातून आलं असा दावा मी करणार नाही, तो खोटा होईल. पण या माणसाच्या कामात आपला देश आलेला आहे, आणि निदान डिझाइनच्या विद्यार्थ्याला हे माहीत असावं.

मेम्फिसवर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मी वर्गात हातचं न राखता सांगते. सामान्यांच्या मालातून घडवलेल्या वस्तू सामान्यांना परवडल्या नाहीत. थोड्या संख्येत, हाताने बनत, त्यामुळे महाग. आर्तेमिदे या दिव्यांच्या कंपनीचे एर्नेस्तो जिस्मोंदी पाठीशी नसते तर गट उभा राहिला नसता, म्हणजे बंडालाही भांडवल लागलंच. फॅशन डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांनी मोंते कार्लोतलं घर मेम्फिसने भरलं आणि १९९१ मध्ये ते सगळं लिलावात निघालं. गायक डेव्हिड बोवी यांचा संग्रह २०१६ मध्ये लंडनला विकला गेला. काही खुर्च्या बसायला अवघड आहेत, हेही खरं. सोत्सास स्वतः १९८५ मध्ये गटातून बाहेर पडले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गट संपला. बंड म्हणून सुरू झालेली गोष्ट किती लवकर एक ठरीव शैली होते आणि तेव्हा काय करायचं असतं, हा प्रश्न विसाव्या वर्षी समोर येणं चांगलं. त्याच्याही मागे जाता येतं. १९६६ मध्ये फ्लोरेन्समध्ये सुरू झालेले आर्किझूम आणि सुपरस्टुडिओ हे गट, १९७२ चं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातलं इटालियन डिझाइनचं प्रदर्शन, मग मिलानचा स्टुडिओ आल्किमिया, अलेस्सांद्रो मेंदिनी यांची १९७८ ची ठिपक्यांनी रंगवलेली प्रूस्त खुर्ची. एका घटकातून एवढा पट उलगडतो. तो कापला की मुलांच्या हाती उरतात फक्त इंटरनेटवरची झिगझॅग नक्षीची चित्रं, मूळ भांडणाशिवाय.

आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात आणून द्यायची आहे. आपल्या डिझाइन-इतिहासाच्या यादीत बायका किती आहेत, कधी मोजल्या आहेत का? मेम्फिसमध्ये मार्तीन बेदँ आणि नाताली द्यू पास्किए होत्या. दोघींचा जन्म १९५७ चा, म्हणजे पहिल्या प्रदर्शनावेळी त्या आपल्या पदव्युत्तर मुलींच्या वयाच्या होत्या. द्यू पास्किए यांनी डिझाइनचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. पश्चिम आफ्रिकेत हिंडून आल्या होत्या, कापडावर आणि लॅमिनेटवर त्यांनी ज्या नक्ष्या काढल्या त्यांनी मेम्फिसचं रूप ठरवलं. बेदँ यांचा सुपर नावाचा दिवा अर्धवर्तुळाकार आहे, पाठीवर उघड्या बल्बांची रांग, खाली चाकं. वायर धरून कुत्र्याच्या पिल्लासारखा खोलीभर ओढत न्यायचा. हा दिवा दाखवल्यावर वर्गातल्या मुली ज्या तऱ्हेने सरसावून बसतात, ते मंडळाच्या एखाद्या सदस्याने येऊन बघावं असं मला मनापासून वाटतं. गटाची कहाणी लिहून ठेवण्याचं आणि तिला दिशा देण्याचं काम बार्बरा राडीचे यांनी केलं. त्यांचाही तास आता जाणार.

सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट शेवटी लिहिते. ‘चेष्टा’ हा शब्द परिपत्रकात कुठून आला, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने या प्रात्यक्षिकात चौरंग केला. चार पाय चार तऱ्हेचे. एक गोल खांब, एक घनांची उतरंड, एक त्रिकोणी, एक नेहमीचा खरादी घाटाचा, त्याच्या घरच्या चौरंगावरून मापं घेऊन केलेला. वरच्या पाटाला मोझॅकच्या नक्षीची सनमायका, कडेची तपकिरी रेघ मुद्दाम उघडी. चारही पायांची उंची मिलिमीटरपर्यंत जुळवलेली, कारण पाय वेगळे असले तरी चौरंग डुगडुगता कामा नये, हे त्याने स्वतःच स्वतःला घालून दिलेलं बंधन होतं. पाय आणि पाट यांचे सांधे मी स्वतः तपासले. आमच्या कार्यशाळेतल्या अनुभवी मिस्त्रींनी त्यावर उभं राहून पाहिलं आणि “पक्कं काम आहे,” म्हणाले. वार्षिक प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तो चौरंग पाहुण्यांना दाखवण्यासारखा नाही म्हणून उचलून सामानाच्या खोलीत ठेवला गेला. मुलाला कुणी कारण सांगितलं नाही. त्याचे आईवडील गावाहून प्रदर्शन बघायला आले होते. चौरंगावर सत्यनारायण मांडणाऱ्या घरातला मुलगा, घरातल्या वस्तूकडे नव्याने बघतो, मापाने आणि हाताने ती उभी करतो, यात चेष्टा कसली? उमेदांनी १९८१ मध्ये बॉक्सिंगच्या रिंगणात जपानी ताटामी चटई घालून बसायची जागा केली होती, आणि गटाचं सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र त्याच रिंगणात बसून काढलेलं आहे. घरची चटई आणि बाहेरचं रिंगण एकत्र आणणारा तो विचार, आणि या मुलाच्या चौरंगामागचा विचार, यांत मला काही अंतर दिसत नाही.

खेळकर काम गंभीर नसतं, हा समज शिक्षणसंस्थेने बाळगावा याचं मला दुःख होतं. वाकडी दिसणारी वस्तू सरळ उभी करायला सरळ वस्तूपेक्षा जास्त हिशेब लागतो. आमच्या मिस्त्रींना विचारा, काटकोन सोडला की प्रत्येक कापाचा कोन वेगळा मोजावा लागतो.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते.

मेम्फिस हा घटक, त्याच्या आधीच्या इटालियन चळवळींसह, दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात परत घ्यावा. तासांची अडचण असेल तर माझे व्याख्यानाचे तास कमी करावेत, त्याला माझी ना नाही, पण लॅमिनेटचं प्रात्यक्षिक पूर्ण वेळ राहिलं पाहिजे.

कार्यशाळेची जागा कमी करू नये. संगणकांसाठी वरच्या मजल्यावरचा वर्ग रिकामा आहे, हे मंडळाला ठाऊक आहे.

तो चौरंग सन्मानाने प्रदर्शनाच्या दालनात मांडावा आणि तो का काढला होता याचा लेखी खुलासा त्या विद्यार्थ्याला द्यावा. त्याच्या अंतर्गत गुणांवर या प्रकाराचा परिणाम झाला असेल तर बाहेरच्या परीक्षकाकडून फेरतपासणी करावी.

अभ्यासक्रमातला कुठलाही घटक वगळण्याआधी तो शिकवणारे शिक्षक, कार्यशाळेचे मिस्त्री आणि विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी यांना बैठकीत बोलावावं. मिस्त्रींचा उल्लेख मी विचारपूर्वक केला आहे. मालाबद्दल त्यांना जे कळतं ते आपल्यापैकी कुणालाच पुरतं कळत नाही, आणि त्यांना शिकवण्याचं मानधनही मिळायला हवं.

मंडळातल्या कुणाबद्दलही माझ्या मनात आकस नाही. आपल्यापैकी काहींनी मला या महाविद्यालयात शिकवायला बोलावलं, कार्यशाळेला पहिली यंत्रं मिळवून दिली, ते मी विसरलेले नाही. त्याच हक्काने हे लिहिते आहे. जूनमध्ये वेळापत्रक लागण्याआधी एक बैठक बोलवावी आणि या मागण्यांवरचा निर्णय लेखी कळवावा. बैठकीला मी कार्लटनची मोजमापांची रेखाटनं, लॅमिनेटचे नमुने आणि गेल्या काही तुकड्यांचं काम घेऊन येईन. विचाराल त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देईन.

कळावे,

आपली,
फर्निचर डिझाइनची अभ्यागत शिक्षिका